दमावंदवर आधी कोण?

खाली रीने गावात लाल रानखसखस फुलली की आमच्या बाबांना दमावंद पर्वतावरचा बर्फ खुणावायला लागतो. यंदा त्यांनी बर्दियालाही बोलावलं. मला त्याच्याशीच लग्न करायचं होतं, आणि बाबांनी ‘बघू’ या एका शब्दावर आम्हाला वर्षभर टांगून ठेवलं होतं. ‘तेहरानचा पोरगा, जिना चढताना धापा टाकतो,’ असं त्यांचं म्हणणं. डोंगर उतरल्यावर हो की नाही ते सांगणार होते.

बर्दिया मात्र न कुरकुरता चढला. ज्वालामुखीच्या गंधकाचा वास नाकाला झोंबायला लागला तिथे आम्ही थांबलो आणि स्कीच्या तळाला चढण्यासाठी लावलेल्या केसाळ पट्ट्या सोलून काढल्या. समोर स्कीची एकही रेघ न उमटलेला लांबलचक उतार होता. उन्हाने बर्फाचा वरचा थर नुकताच मऊ झालेला. असा बर्फ फार वेळ टिकत नाही. पहिली रेघ आपली असावी म्हणून बाबा आणि बर्दिया, दोघांचाही जीव तळमळत होता, पण तसं तोंडाने कबूल करील तो इराणी कसला!

“आधी तुम्ही, बर्दियाजान. पाहुण्याचा मान,” बाबा म्हणाले.

“छे छे, आगा फरामर्ज़! तुमच्यापुढे जायची माझी काय बिशाद!”

“अहो, मी तुमच्या पायांची धूळ. व्हा पुढे.”

“धूळ तर मी! तुम्हीच व्हा.”

“माझ्या मेलेल्या आईची शपथ आहे तुम्हाला!”

“आजीला कशाला उठवताय?” मी म्हटलं. कोणी ऐकेना. ऊन तापत चाललं होतं. माझं डोकं फिरलं आणि दोघांच्या मधून मीच सुटले. वळणामागून वळण घेत, आनंदाने किंचाळत खाली आले. लाज वाटायला हवी होती, पण मुळीच वाटली नाही.

वर त्यांचा मानपान चालूच. ते निघाले तोवर बर्फाची पार पेज झाली होती. बाबा मांडीपर्यंत रुतले. त्यांना काढायला गेलेला बर्दिया त्यांच्याच अंगावर कोसळला. दोघं निथळत माझ्यापाशी पोचले तेव्हा बाबांचा चेहरा बघूनच मला कळलं. आता नकारच येणार. मी चहा ओतला आणि खजुराचा डबा उघडला.

बर्दिया अजून माझी रेघ बघत होता. “आगा फरामर्ज़, काही म्हणा, मुलगी रत्न आहे तुमची!”

आमच्याकडे कोणी घड्याळ वाखाणलं, गालिचा वाखाणला, की मालकाने ‘तुमचाच आहे, न्या’ म्हणायचं आणि समोरच्याने ‘छे छे’ म्हणायचं. बाबांच्या जिभेला ते जन्माचं वळण.

“तुमचीच आहे, घेऊन जा,” बाबा बोलून गेले.

बर्दियाही चांगल्या घरचा. “छे” म्हणायला त्याने तोंड उघडलं मात्र, मी त्यात मूठभर खजूर कोंबला.

“बाबा, तो नको म्हणाला नाही हं!”

बर्दियाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान जोरजोरात हो म्हणत होती. बाबा आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिले.

“बिया तरी काढायच्या होत्यास, कार्टे,” ते म्हणाले. “गुदमरेल ना माझा जावई!”