हाफटाइमनंतरची परात

शनिवारची सगळी रात्र पौर्णिमानं कूस बदलण्यात काढली. प्रश्न एवढाच होता, की उद्याच्या सामन्याला हर्षाला न्यायचं की नाही? हर्षा म्हणजे तिची मुलगी, वय वर्षं पाच. आणि सामन्यात ज्याला सगळं गाव नावं ठेवणार होतं, तो नाचणगावच्या फुटबॉल टीमचा कोच अंकित म्हणजे हर्षाचा बाप.

हे मला कसं ठाऊक? मी त्या घरची परात बोलतेय. पितळेची. रविवारी सकाळी मागच्या अंगणात माझ्याशेजारी संत्री सोलता सोलता पौर्णिमानं हे सासूला, कमलाबाईंना, सांगितलं, आणि भांड्यांसमोर माणसं सगळंच बोलतात. आता आत्मवृत्त सांगावं ते वडाच्या झाडानं, नाहीतर एखाद्या फाटक्या पुस्तकानं. परातीचं कोण ऐकणार, हा प्रश्न मलाही पडला होता. तरी सांगते. कंटाळा आला तर कणिक भिजवायला उठा, मी वाईट वाटून घेणार नाही.

माझा जन्म भंडाऱ्याचा. पितळेच्या गोल पत्र्याला ठोकून ठोकून कारागिरानं मला खोली दिली, काठ वळवला. कमलाबाईंच्या वडिलांनी मला लेकीच्या लग्नात आंदण म्हणून दिलं, तेव्हा काठावर ठिपक्याठिपक्यांनी ‘कमल’ असं नाव घातलं. या घरात आले आणि माझे दिवस पालटले. भीमजयंतीच्या जेवणाला साऱ्या वस्तीची कणिक माझ्यात भिजायची. चार बाया भोवती बसायच्या, कोपरापर्यंत पीठ, आणि कोणाच्या सुनेचं काय चाललंय हे मला सगळ्यांच्या आधी कळायचं.

मग घरात स्टीलची परात आली. हलकी, चकचकीत, घासायला चिंच न मागणारी. मी मागच्या अंगणातल्या पाण्याच्या ड्रमवर झाकण म्हणून गेले. उपडी. तिथं माझ्या पाठीवर कबुतरं बसली, उन्हानं मी काळवंडले. कुरकुर केली नाही. झाकण हेही काम आहेच, असं मी स्वतःला समजावत असे. पटत नसे ते वेगळं.

पण ड्रमच्या मागं कुंपण आहे आणि कुंपणाच्या मागं मैदान. त्यामुळे टीमचा हा अख्खा हंगाम मी कानांनी पाहिला.

अंकित पुलगावच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक. नागपूरला जाऊन कोचिंगचा कोर्स करून आला, तेव्हा गावानं त्याला हार घातला होता. मग त्यानं पोरांना सांगितलं, चेंडू उगाच हवेत उडवायचा नाही. गोलकीपरनं जवळच्याला द्यायचा, त्यानं त्याच्या जवळच्याला, असं शांतपणे पुढं सरकायचं. फळ्यावर बाण काढून दाखवले. बाण छान सरकत होते. पोरं सरकेनात. टीम हरायला लागली, आणि एकदा लागली ती हरतच राहिली.

गावाला हे सोसवेना. मैदानाला काही गॅलरी-बिलरी नाही. चुन्याची रेघ, आणि रेघेवर माणसं, चपलांची टोकं आत. सगळ्यात पुढं रूपरावभाऊ. बसस्टँडजवळ त्यांचं खताचं दुकान आहे आणि आवाज असा, की गिऱ्हाईक रस्त्यापलीकडून भाव विचारतं आणि त्याला आतूनच उत्तर मिळतं. त्यांचा मुलगा रजत टीमचा फॉरवर्ड.

“अबे, चेंडू मांगं काऊन देतेस? मांगं का तुयी मावशी राह्यते?” रूपरावभाऊ ओरडायचे.

“कोचभाऊ, गोल तिकडच्या अंगाले हाय!” दुसरा कोणीतरी.

“गोलकीपर होय का पोस्टमन बे? ज्याचं त्याले नेऊन देऊन राह्यला!” हे तानबाजी. तानबाजी तरुणपणी पुलगावच्या टीममधून खेळलेले. आता गुडघ्याला पट्टा. गोलकीपर कैलास हा त्यांचा सख्खा पुतण्या.

लोक हसायचे. कोचच्या घरून कोणी पाठिंबा द्यायलाही येत नाही, असं रूपरावभाऊ वर ऐकवायचे. मग हसणं थांबलं आणि नवी घोषणा सुरू झाली, ‘कोच बदला, टीम वाचवा!’ तिला टाळ्यांचा ठेकाही बसला. घोषणेला ठेका बसला की ती थांबवणं कठीण.

आता एक गोष्ट मी ड्रमवरून ऐकत होते, ती कोणाच्याच लक्षात येत नव्हती. नाचणगावचा प्रत्येक खेळाडू कोणाचा तरी मुलगा, पुतण्या नाहीतर भाचा. चेंडू पायाशी आला की रेघेवरून काका ओरडणार, “मार लंबा!” मामा ओरडणार, “थांब, थांब!” आणि कोच ओरडणार, “जवळचा बघ!” कोचचं ऐकलं नाही तर फार तर मैदानाला दोन चकरा जास्त. पण काकाचं ऐकलं नाही तर संध्याकाळी जेवायला त्याच घरात बसायचंय. पोरगं बिचारं मान वळवून आधी रेघेकडे बघायचं. तेवढ्यात चेंडू गेलेला असायचा. असं म्हणू नका की मग परातीनं सांगायचं होतं. उपड्या परातीला कोण विचारतं?

अंकितचं जेवण कमी झालं. घरात कोणी फुटबॉलचं नाव काढेना. शेवटचा सामना हिंगणघाटच्या टीमशी होता. हरलो तर टीम खालच्या गटात जाणार आणि अंकितला काढणार, असं गावाच्या क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं.

आणि आमच्या गावात एक पद्धत आहे. हाफटाइमचा खाऊ पाळीपाळीनं एकेका घरून येतो. त्या रविवारी नेमकी पाळी कोचच्या घरची होती.

“नाई गेलं तर लोक म्हणतील, तोंड लपवलं,” कमलाबाई म्हणाल्या.

“पण आई, हर्षा? ती आता सगळं समजते. तिच्यासमोर तिच्या बापाला...” पौर्णिमा बोलता बोलता थांबली. ती शिकलेली आहे, एम.ए. आहे, लहान मुलांच्या मनावर काय काय परिणाम होतो ते तिनं इतकं वाचलंय, की पोरगी शिंकली तरी तिला त्यामागं मनाला लागलेलं काहीतरी दिसतं. “घरी ठेवलं तर कुंपणातून ऐकेल. नेलं तर तोंडावर ऐकेल. मीच कशी आई आहे, मला हेसुद्धा ठरवता येत नाही.”

“मोठी परात घे,” कमलाबाईंनी एवढंच ठरवून दिलं. “स्टीलची पुरत नाई.”

असं माझं नशीब उघडलं. चिंचेनं घासून मला उजाळा दिला. माझ्यात संत्र्याच्या फोडी रचल्या, वर ओलं फडकं. बादलीत लिंबाचं शरबत आणि त्यात लांब दांड्याची पळी. एका हातानं मला कमरेशी धरून, दुसऱ्या हातात हर्षाचा हात घेऊन पौर्णिमा मैदानावर निघाली. बादली कमलाबाईंकडे.

पहिल्या अर्ध्यात काय झालं ते सांगण्यासारखं नाही, म्हणजे नेहमीचंच झालं. रजतनं चेंडू मिळताच बापाकडे पाहिलं. कैलासनं काकाकडे पाहिलं. हिंगणघाटवाल्यांनी गोलकडे पाहिलं. एक-शून्य.

त्यांचे कोच हुशार होते, हे कबूल केलं पाहिजे. रेघेवर उभं राहून एकेका खेळाडूला नावानं हाक मारून हलवत होते, “डावा घे! मागे ये! आता सोड!” बुद्धिबळ खेळावं तसं.

हाफटाइमला पोरं फोडींवर पडली. पण रेघेवरची माणसं कोणाला धड चघळू देतील तर शपथ.

“रजत, मायं आईक. चेंडू आला का हाण. मांगं पाहू नको.” रूपरावभाऊ म्हणाले.

“बाबा, अंकितदादा म्हणून राह्यले...”

“अंकितदादाले उद्या कोन विचारते बे?”

अंकित तिथंच उभा होता. त्यानं फोड उचलली, खाल्ली नाही, परत माझ्यात ठेवली. ती शेवटपर्यंत माझ्या तळाशी राहिली. हर्षा बापाकडे बघत होती आणि पौर्णिमा हर्षाकडे.

दुसरा अर्धा भाग सुरू झाला आणि लगेच रूपरावभाऊंनी छाती भरून घेतली. “कोच होय का म्हैस बे? एका जागी उभाच हाय!” मागून ठेका धरला गेला, “कोच बदला...”

मी पौर्णिमाच्या हातात रिकामी होते. म्हणजे ती एक फोड सोडून. तिनं हर्षाचे कान झाकायला हात पुढं केला. पण हात एक आणि कान दोन. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं, बादलीतली पळी उचलली, आणि मला वाजवलं.

पहिला ठोका इतका लाजरा होता, की मलाच वाटलं चुकून लागला. दुसरा जरा बरा. तिसऱ्याला तिनं डोळे मिटले आणि असा काही घातला, की माझ्या पोटातून जो आवाज निघाला तो मीही कधी ऐकला नव्हता. स्टीलच्या परातीला हे जमलं नसतं, हे मी नम्रपणे सांगते.

“सूनबाई!” रूपरावभाऊ वळले. “काय करून राह्यली?”

“पाठिंबा देऊन राह्यली, काका!” पौर्णिमा ओरडली. “तुम्हीच म्हणता ना, कोचच्या घरून कोणी पाठिंबा देत नाई!”

पाठिंब्याला नाही कोण म्हणतं? त्यांनी तोंड उघडलं, काहीतरी म्हणाले. ओठ हलले, ऐकू काही आलं नाही. ठणठण, ठणठण, ठणठण.

रेफरी मात्र धावत आला. “मॅडम, शिट्टी ऐकू येत नाही पोरांना!”

“मग शिट्टी वाजवताना हात वर करा सर, मी थांबते,” पौर्णिमा घाबरत म्हणाली. तिला खरंच वाटत होतं, आपण काहीतरी बेकायदा करतोय. पण थांबली नाही. रेफरी हात वर करी, ती थांबे; तो हात खाली घेई, ती सुरू.

आणि मग मी मैदानात पाहिलं. या वेळी खरोखर पाहिलं, कारण आता मला मैदानाकडे जरा कलती धरलेली होती.

रजतच्या पायाशी चेंडू आला. सवयीनं त्यानं मान वळवून बापाकडे पाहिलं. बाप हात उडवत होता, तोंड उघडंमिट होत होतं, आवाज शून्य. त्यानं अंकितकडे पाहिलं. अंकितही काहीतरी ओरडत होता, तेही शून्य. रजत क्षणभर बावरला. मग त्यानं पुढं पाहिलं. पुढं सगळं मोकळं होतं! तो निघाला. एकाला चुकवलं, जवळच्याला दिला, परत घेतला, आणि डाव्या पायानं असा घातला की जाळी फुगली.

एक-एक. तानबाजी पट्ट्याच्या गुडघ्यासकट उडी मारू पाहत होते.

हिंगणघाटचे कोच एकेकाला नावानं हाका मारत होते, पण त्यांच्या पोरांना एकही ऐकू जाईना. ती पोरं कोचकडे बघत उभी. आमची पोरं मात्र आता कोणाकडेच बघत नव्हती. एकमेकांकडे बघत होती. कधी कैलास जवळच्याला देई, कधी उचलून लांब मारी. ज्या वेळी जे सुचेल ते. एवढा मोकळा खेळ या मैदानानं फार दिवसांत पाहिला नव्हता. कॉर्नरवरून चेंडू आत आला, चार डोकी वर गेली, आणि रजतचं सगळ्यात वर गेलं. दोन-एक!

शेवटची काही मिनिटं मला नीट आठवत नाहीत. पौर्णिमाचा हात दुखला तेव्हा कमलाबाईंनी पळी घेतली. त्यांचा हात तर मी जन्मभर ओळखते. हिंगणघाटच्या फॉरवर्डनं एक चेंडू कोपऱ्यात मारला, कैलास आडवा झाला, बोटांच्या टोकांनी तो बाहेर ढकलला. रेफरीनं हात वर केला. आम्ही थांबलो. त्या शांततेत लांब शिट्टी झाली.

जिंकलो! कोणीतरी गुलाल आणला होता. हरलो असतो तर त्याचं काय करणार होते, कोण जाणे. अंकितला खांद्यावर घेतलं, आणि सगळ्यात पुढचा खांदा रूपरावभाऊंचा होता.

“म्या सांगतलंच होतं रजतले, मांगं पाहू नको! तसाच खेळला!”

“पोरांनी शेवटी माझा प्लॅन समजून घेतला,” अंकित वरून सांगत होता, आणि किती दिवसांनी हसत होता.

रजत मात्र घामेजलेला माझ्यापाशी आला, तळाची ती एकुलती फोड तोंडात टाकली आणि हळूच म्हणाला, “वहिनी, कोनाचंच काई ऐकू नव्हतं येत. लई बरं वाटलं.”

पौर्णिमा पळीकडे पाहत राहिली.

आता माझं म्हणाल तर माझ्या पोटाला इतके पोचे पडलेत, की कणिक एका जागी थांबत नाही. ड्रमवर मात्र मला कोणी ठेवत नाही. मी घडवंचीवर बसते, दर रविवारी चिंचेनं आंघोळ होते, आणि मंडळाच्या सभेत ‘परात आणायची जबाबदारी’ असा विषय निघतो. अंकित कोच आहे. टीम वरच्या गटात आहे. तुम्हाला एवढीच विनंती, की मैदानावर गेलात तर पोरांना जरा त्यांचं त्यांचं खेळू द्या. आणि मला वाजवायचं तर पळी नको, लाकडी लाटणं आणा. माझंही वय झालं.

आणि ज्यासाठी हे सगळं झालं, ते तर सांगायचं राहूनच गेलं. त्या संध्याकाळी मैदान रिकामं झाल्यावर पौर्णिमा हर्षासमोर उकिडवी बसली. मी तिच्या मांडीवर, अजून गरम. तिनं पोरीच्या गालावरचा गुलाल पुसला आणि विचारलं, “हर्षा, बेटा, लोक बाबाला काही काही म्हणत होते... तुला ऐकू आलं का गं?”

“आलं ना,” हर्षा म्हणाली. “मी बी जोऱ्यानं तेच म्हणून राह्यली होती, कोच बदला, कोच बदला! तुले ऐकू नाई आलं का?”