तापलेली चाकं

विंचूरला कांदा उतरवून संतोष निघाला, तर रिकामी पिकअपसुद्धा ओढेना आणि चाकांतून जळका वास यायला लागला. रस्त्याकडेच्या गॅरेजात महेश मिस्त्रीने जॅक लावून एकेक चाक उचललं. चारांतलं एकही हाताने फिरेना.

"एका चाकाचा दोष नाय हा," म्हणत त्याने बॉनेट उघडलं आणि ब्रेक ऑइलच्या डबीत बोट बुडवून वास घेतला. झाकणाचं रबर भज्यासारखं फुगलं होतं.

"यात इंजिन ऑइल कोणी घातलं? आतली सगळी रबरं फुगली. पाय काढला तरी ब्रेक सुटत नाय. घाटात असता तर गाडी पेटली असती."

संतोषचं टाळकं सटकलं. "ज्यानं घातलं त्याचे हात झडले पाहिजेत!"

केबिनमध्ये त्याचे वडील, नाना, बसले होते. डोळे-कान दोन्ही थकलेले. पण दसऱ्याला गाडी धुऊन, तेलपाणी बघून झेंडूची माळ घालायचं काम ते अजून कोणाला करू देत नसत. ते धडपडत खाली उतरले. सीटमागचा डबा त्यांनी मिस्त्रीपुढे धरला.

"दसऱ्याला मी हेच घातलं व्हतं. कमी पडलं असंल. अजून थोडं घाल, व्हईल मोकळी."

नानांच्या दोन्ही हातांत इंजिन ऑइलचा डबा होता. संतोषला त्या हातांवरून नजर काढता येईना.