एक नंबरची गादी

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा त्याचा हात एका हमालाच्या पोटावर होता. हमाल पाठीवर वीस किलो घेऊन उभा होता आणि तो सोनोग्राफीचा प्रोब बेंबीखाली दाबून मणक्यांमधली गादी शोधत होता. आडवं असताना, बसल्यावर, उभ्यानं आणि ओझ्याखाली ही गादी किती दबते, एवढंच संशोधनाच्या त्या खोलीत मोजायचे. माप चालू असताना फोन ड्रॉवरमध्ये, असा नियम. ड्रॉवर तीनदा थरथरला. त्यानं माप पुरं केलं, दहा पूर्णांक दोन मिलिमीटर लिहिलं, हमालाला जेल पुसायला कागद दिला आणि मग फोन घेतला.

"भाऊजी, या," मेव्हणा म्हणाला. दवाखान्याचं नाव सांगून त्यानं फोन ठेवला.

ती पार्सलं निवडायच्या कामावर होती, तिथंच उभ्या उभ्या कोसळली. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं सांगितलं की पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती, ती फुटली. अशी फुगायला महिनेच्या महिने लागतात, पण सोनोग्राफीत दिसते. मग त्यानं विचारलं, "यांची पोटाची सोनोग्राफी कधी झाली होती का?"

मेव्हणा भाऊजींकडे बघत होता.

"नाही," तो म्हणाला.

झाली होती. बावीस वेळा झाली होती आणि बावीसही वेळा त्यानंच केली होती.

तो काही डॉक्टर नव्हता. त्याच विभागात वजनकाटे दुरुस्त करायचा. हात थरथरत नाही म्हणून हे संशोधन चालवणाऱ्या मॅडमनी त्याला मशीनवर घेतलं आणि गादी ओळखायला शिकवलं. गादीपलीकडचं त्याला काही कळत नव्हतं. सराव कुणावर करायचा, तर घरच्याच माणसावर. वहीत तिचा नंबर एक. कामावर जायच्या आधी नाहीतर काम सुटल्यावर ती तिकडेच यायची, टेबलावर आडवी व्हायची आणि म्हणायची, "या, फोटोग्राफर. हसू, का तोंड सरळ ठेवू?" गादीच्या पुढ्यात तीच मोठी रक्तवाहिनी उडत असते, तिच्यामुळं चित्र हलतं. म्हणून प्रोब जोरात दाबून तिला बाजूला सारायचं, हे मॅडमनीच शिकवलेलं. तो दाबायचा.

"अहो, पोट आहे, कणीक नाही," ती म्हणायची.

पुढं तिची पाठ दुखायला लागली. डॉक्टरकडे जाऊन येऊ का, असं तिनं दोनदा विचारलं. त्यानं वही उघडून दाखवली. सकाळी साडेअकरा मिलिमीटर, संध्याकाळी साडेदहा. दिवसभर उभी असतेस, गादी दबणारच, रात्री आडवी झालीस की परत फुगते. आकडा बघून तिनं डॉक्टरचा विषय सोडला. वर भावाला कौतुकानं सांगायची, आमच्या घरातच डॉक्टर आहे.

तीन आठवड्यांनी तो कामावर गेला. मॅडम म्हणाल्या, घरी बसा, एक नंबर मी अभ्यासातून काढून टाकते. त्यानं एक दिवस मागून घेतला आणि तिची चित्रं उघडली.

माप नेमकं यावं म्हणून चित्राची चौकट गादीपुरतीच ठेवायची पद्धत होती. त्याला वाटलं होतं, चौकटीत गादीशिवाय काही सापडणार नाही आणि सुटलो असं वाटेल. पहिल्या चित्रांत खरंच काही नव्हतं. चौथ्या महिन्यापासून वरच्या कडेला एक काळी कमान दिसायला लागली, फुगत चाललेल्या रक्तवाहिनीची कड. पुढच्या चित्रात ती आणखी खाली आली. त्यानंतरच्या चित्रात कमान नव्हती. बाजूला चौकटीच्या खोलीचा आकडा असतो, तो त्यानं वाचला. चौकट सात मिलिमीटर खाली सरकवलेली होती. ती त्यानंच सरकवली होती. चित्र घाण होतंय म्हणून. तेव्हा डोक्यात काय होतं तेही त्याला स्वच्छ आठवलं. काही नव्हतं.

त्यानं मॅडमना बोलावून दाखवलं. त्या खुर्ची ओढून बसल्या, खोलीचे आकडे एकेक करून वाचत गेल्या.

"ही चित्रं मी पाहिली होती," त्या म्हणाल्या. "फार स्वच्छ आहेत, असं म्हणाले होते."

तो म्हणाला, हो, म्हणाला होतात. मग त्यानं मशीन बंद केलं.

मेव्हणा दर रविवारी येतो. डबा आणतो, भांडी घासतो, नको म्हटलं तरी ऐकत नाही. कुणी भेटायला आलं की म्हणतो, भाऊजींनी आमच्या ताईला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. हे ऐकलं की तो उठून पाणी आणायला आत जातो. मागच्या रविवारी तो चित्रांचं सगळं सांगायला म्हणून मेव्हण्यासमोर बसला होता. मेव्हण्यानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून ती निवांत होती." तो पाणी आणायला उठला.

वहीत एक नंबरच्या ओळीत शेवटची जागा कोरी आहे. उभ्यानं, वीस किलो. जायच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली होती, आज पाठ फार भरून आलीय हो, उद्या करू. ते माप आता व्हायचं नाही. मेव्हण्याला अजून सांगायचं राहिलं आहे.