जावईबापूंनी वाढवलेली डिस्क

सासऱ्यांच्या फर्निचरच्या कारखान्यात जावईबापूंचा रुबाब मोठा. कॉम्प्युटरमधलं त्यांना कळायचं आणि बाकी कुणाला कळायचं नाही, एवढंच त्यामागचं भांडवल. त्यांनी एका दणकट कॉम्प्युटरच्या पोटात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला दुसरा कॉम्प्युटर, बसवलं होतं. थोरली मेव्हणी त्यात कपाटं नि पलंग रेखाटायची.

डिस्क भरली. जावईबापूंनी जुना स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची जपून ठेवलेली प्रत, काढून टाकला; तो असेपर्यंत डिस्क वाढत नाही. मग डिस्कच्या जागेचा आकडा दुप्पट करून ऐटीत म्हणाले, "घ्या ताई, आता गोदाम भरा!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रड. जागा नाही.

"ताई, गिऱ्हाइकांनी नाकारलेली डिझाइनंसुद्धा ठेवता? हे मशीन आहे की भंगाराचं दुकान?" जावईबापू सगळ्यांदेखत कडाडले. सासरे खो खो हसले.

"अहो, एकाने नाकारलेलं दुसऱ्याला आवडतं कधीकधी," मेव्हणी पुटपुटली. पण जावयापुढे बोलणार किती? तिने सगळी जुनी डिझाइनं पुसली, कचरापेटीही रिकामी केली.

जागा झाली, पण चिमूटभर. आता मात्र जावईबापू तिच्या खुर्चीत बसले आणि डिस्कचा नकाशा उघडला. भरलेल्या पट्टीशेजारी तेवढीच लांब पट्टी कोरी पडली होती. अंगण वाढवलं होतं, कुंपण सरकवायचं राहिलं होतं. त्यांचे कान तापले. इकडेतिकडे बघून त्यांनी गुपचूप डिस्कच्या आतला विभाग कोऱ्या पट्टीच्या टोकापर्यंत ताणला.

"झालं का हो?" मेव्हणी वाकून बघत म्हणाली. "अगबाई, केवढी जागा! बघा, मी पुसलं तेव्हा कुठे. माझंच चुकलं. तुम्हाला उगीच हेलपाटा."

'असू दे हो' हे शब्द जावईबापूंच्या ओठांपर्यंत आले होते. पण तिचं 'माझंच चुकलं' ऐकल्यावर ते बाहेर पडेनात.

"पुसायची गरज नव्हती, ताई. अर्धं काम मीच विसरलो होतो."

सासऱ्यांचा रंधा थांबला.

"मग आणा की ती डिझाइनं परत!" सासरे म्हणाले.

"स्नॅपशॉट असता तर आणली असती."

"तो कुठे गेला?"

"मीच काढला."

मेव्हणीने खुर्चीची पाठ धरली. मग म्हणाली, "उठा. मला बसायचंय."

जावईबापू उठले. बाकीच्या सगळ्या खुर्च्यांचं पॉलिश ओलं होतं, त्यामुळे तिने पुसलेलं डिझाइन आठवून कोऱ्या पानावर पहिली रेघ ओढली तेव्हा ते तिथेच, तिच्यामागे उभे होते.