क्लबात मारामारी होत नाही

ताई धक्क्यावर पोहोचली तेव्हा तिचा धाकटा भाऊ एका माणसाचं डोकं होडीच्या काठावर आपटत होता आणि आजूबाजूची मंडळी त्याला सूचना करत होती.

"जरा डावीकडे घे. तिथे लाकूड पक्कं आहे."

"अरे, ती माझी होडी आहे! आपटायचं तर स्वतःच्या होडीवर आपट!"

ही दुसरी सूचना भावाला पटली असावी, कारण त्याने त्या माणसाला मानगुटीला धरून शेजारच्या, म्हणजे स्वतःच्या, होडीकडे ओढत नेलं. ताईने मागून त्याचा शर्ट धरला. शर्ट फाटला, भाऊ तसाच पुढे गेला. शेवटी ती दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली, तेव्हा कुठे त्याचा हात थांबला.

"ताई, बाजूला हो. ह्याने आपल्या दोराला हात लावला."

"लावला असेल. सोड त्याला."

"हाक न मारता लावला!"

यावर धक्क्यावरच्या कोणाचंच दुमत नव्हतं. सार्वजनिक धक्क्यावर होड्या फार आणि त्या बांधायचे खुंट कमी. त्यामुळे तिथला एकच कायदा सगळे मनापासून पाळत: दुसऱ्याचा दोर हलवायचा तर आधी मालकाला हाक मारायची. हाक न मारता दोराला हात घालणारा चोर, आणि चोराला समज द्यायची ती आधी हाताने, मग उरलाच तर तोंडाने. मागे एकजण या कायद्यापायी बुडाला. तो पडला की त्याला पाडलं, हे शेवटपर्यंत ठरलं नाही, कारण ठरवायला बसलेल्यांतच पुन्हा जुंपली.

भाऊ वेल्डिंगचं काम करायचा. धक्क्यावर त्याला ठिणगी म्हणत, आणि ते काही फक्त धंद्यावरून नव्हे.

ताईचा धंदा कवळ्या बनवण्याचा. भाऊ पाडतो आणि बहीण बसवते, असा विनोद धक्क्यावर जुना होता. ती त्यावर हसत नसे. एक दिवस कोणीतरी ठिणगीला पाण्यातून काढून घरी आणेल, नाहीतर पोलीस घरून घेऊन जातील, यांपैकी आधी काय होतं एवढंच तिला पाहायचं राहिलं होतं. होडी विकायची म्हटलं तर तो जेवण सोडायचा. ती वडिलांची होडी होती.

म्हणून यॉट क्लब.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात नफातोटा मांडला गेला. ठिणगी कानाला बर्फ लावून बसला होता. फीचा आकडा सांगून ताई घोटभर पाणी प्यायली. पण क्लबात खुंट सगळ्यांना पुरून उरत, पहारेकरी होता, पायऱ्या धुतलेल्या असत.

"आणि तिथे भांडायला कोण असतं?" ठिणगीने विचारलं.

"कोणी नाही. क्लबात मारामारी होत नाही."

"मग लोक दिवसभर करतात काय?"

"चहा पितात," ताई म्हणाली.

त्याची बायको कणीक मळता मळता म्हणाली, "वन्सं, मला क्लब नको, यॉट नको. मला नवरा पाहिजे. आहे हाच. बदलून नको, पण सगळे अवयव जागच्या जागी असलेला."

"चहासाठी एवढी फी?" ठिणगी पुटपुटला. पण बायकोने कणकेवर अशी मूठ हाणली की त्याने विषय वाढवला नाही.

क्लबाचे कमोडोर, म्हणजे अध्यक्ष, ताईच्या ओळखीचे होते. त्यांची वरची अख्खी कवळी तिने बनवली होती, आणि ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. दातांचा डॉक्टर क्लबाचाच सभासद, म्हणून ते मागच्या दाराने थेट तिच्याकडे येत. कमोडोरांचं हास्य क्लबात प्रसिद्ध होतं. "तुम्ही अर्ज करा," ते हसून म्हणाले, "बाकी मी बघतो. होडी घेऊन या, सगळ्यांबरोबर चहा घ्या, मग हात वर करून मतदान. निव्वळ उपचार हो."

ताईने भावाची तयारी करून घेतली. थुंकायचं नाही. कोणाला "ए" म्हणायचं नाही. आणि काही झालं तरी आज हात उचलायचा नाही. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. दोराबद्दल ती काही बोलली नाही. क्लबातल्या कोणी तिला त्याबद्दल सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिथे कोणाला वाटतच नव्हतं.

नव्या उमेदवाराची होडी क्लबाच्या धक्क्याला लागली की कमोडोर स्वतः पुढे होऊन तिचा दोर हातात घेत. क्लबातला हा सर्वांत मोठा मान होता.

होडी लागली. ठिणगीने दोर खुंटावर टाकला आणि शीड गुंडाळायला वळला. पांढऱ्या पोशाखातले कमोडोर हसत आले, वाकले आणि त्यांनी दोर उचलला.

ठिणगीला पाठीमागचं दिसत असावं. तो वळला तोच ठोसा घेऊन. कमोडोरांच्या तोंडातून कवळी निघाली, उन्हात एकदा चमकली आणि पाण्यात गेली. ती नेमकी काय होती हे ताईखेरीज कोणाला कळलं नाही. कमोडोरांनी तोंडावर रुमाल दाबला.

ठिणगी स्वतःच्या मुठीकडे बघत राहिला. "ताई," तो म्हणाला, "चुकलं गं."

सभासद धावत आले. सेक्रेटरी सगळ्यांत शांत होते. "इथे नको," ते म्हणाले, "खिडक्यांमधून बायकामुलं बघतायत. शेडमागे घ्या."

शेडमागे घेतलं. पहिलं वल्हं पाठीवर बसलं, दुसरं गुडघ्याच्या मागे. तो खाली गेला. सभासदांत एक हाडांचे डॉक्टर होते. त्यांनी फक्त पाय वापरला, कारण हात त्यांना जपावे लागत. ठिणगीने हात उचलला नाही. धक्क्यावर तिघांना एकदम लोळवणारा माणूस, दोन्ही हात पुढे सोडून सिमेंटवर पालथा पडून मार खात होता आणि प्रत्येक तडाख्याला फक्त श्वास सोडत होता. ताई मधे पडली तर तिला दोघांनी दंडाला धरून, "मॅडम, प्लीज, लागेल तुम्हाला," म्हणत बाजूला केलं.

ती कमोडोरांकडे वळली. "साहेब, थांबवा. तुमचं ऐकतील. एक शब्द बोला."

शब्द बोलायला रुमाल काढावा लागला असता. कमोडोरांनी ताईकडे पाहिलं, जमलेल्या सभासदांकडे पाहिलं आणि मोकळा हात वर केला.

क्लबात हात वर करणं म्हणजे अनुमोदन.

एकाने वल्हं उभं धरलं आणि ठिणगीच्या उजव्या हातावर वरून खाली मारलं. मग पुन्हा, त्याच जागी. आवाज सुकी फळी मोडावी तसा आला. कमोडोरांचा हात अजून वरच होता. गैरसमज दूर करण्यासाठी त्यांनी दुसरं काही केलं नाही.

आठवडा उलटला आणि ते मागच्या दाराने आले. ओठ आत गेले होते, शब्द हिरड्यांवरून घसरत होते. पोलीस वगैरे नकोत, ते म्हणाले. हाताचं सगळं हाडांचे डॉक्टर फुकट करतील. आणि हो, सभासदत्व मंजूर झालं, एकमताने. फी माफ. शिवाय ताईंनी आपलं ते काम जरा लवकर...

ताईने माप घ्यायचा लगदा कालवला, ट्रेमध्ये भरला आणि त्यांच्या तोंडात बसवला.

"हलू नका," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या दिवशी एक शब्द बोलला असतात तर काय गेलं असतं?"

लगदा घट्ट होईपर्यंत तोंड हलवता येत नाही. तेवढा वेळ ती उत्तराची वाट बघत बसली. मग तिने ट्रे काढला. माप उत्तम आलं होतं.

"सांगा ना," ती म्हणाली.

"केव्हा मिळेल?" कमोडोरांनी विचारलं.

रात्री पुन्हा स्वयंपाकघरात बैठक झाली. ठिणगी भिंतीकडे तोंड करून पडला होता. बोटं परत मिटणार नाहीत, वेल्डिंग संपलं, असं डॉक्टर म्हणाले होते. अशा हाताने जुन्या धक्क्यावर तो एक सकाळ टिकला नसता.

"मी क्लबाला नाही म्हणून सांगते," ताई म्हणाली. "होडी विकू."

भावजयीने ताटं उचलली. "सभासदत्व घ्या वन्सं," ती म्हणाली. "आपली फी भरून झालीय."

आता दर रविवारी ताई आणि ठिणगी क्लबात जातात. ताईला हवं होतं तसंच सगळं आहे. पायऱ्या धुतलेल्या असतात, कोणी कोणाच्या अंगावर जात नाही, कमोडोर लांबून हसतात. ठिणगी व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून डाव्या हाताने चहा पितो. परवा एका सभासदाची यॉट त्यांच्या होडीला घासून गेली आणि रंगाचा लांब ओरखडा उठला. ताईने दचकून भावाकडे पाहिलं.

"हरकत नाही," तो त्या सभासदाला म्हणाला.

व्हरांडा रुंद आहे, चार माणसं आरामात शेजारून जातील एवढा. तरी कोणी येताना दिसलं की ठिणगी आधीच आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतो.