दहा मिनिटं नळाखाली

बिरजूभाऊ अकराच्या एसटीनं सिंदेवाहीला आले. अंगात धुतलेला शर्ट, हातात पिशवी, सोबत नववीतली मुलगी दीपाली. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या, पण प्रयोगशाळेमागच्या ज्या खोलीत आमचा फोटोचा वर्ग भरतो तिची किल्ली माझ्याकडे असते. मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी ती कुणी परत मागितलेली नाही.

"गुरुजी, आधार कार्डावरचा मोठा करून आणला," बिरजूभाऊंनी पिशवीतून फोटो काढून दाखवला. "हाये तिचाच. पण थे दिसत नाई याच्यात."

त्यांची बायको अन्नपूर्णा एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला गेली आणि वाघानं नेली. त्याच्या चार दिवस आधी दीपालीनं तिचा फोटो काढला होता, वर्गातल्या मुलींनी बनवलेल्या कॅमेऱ्यानं. प्लायवूडचा डबा, पाइपच्या तुकड्यात बसवलेलं मोडक्या झेरॉक्स मशीनचं भिंग, आणि आत मुदत संपलेल्या एक्स-रे फिल्मचा कापलेला तुकडा. एका तुकड्यावर एकच फोटो. तो काळ्या पाकिटात माझ्या कपाटात पडून होता, कारण फिल्मवर चित्र उमटवणारा डेव्हलपर संपला होता. नागपूरहून यायला मे उजाडला.

"मीच करीन, सर," दीपाली म्हणाली.

"तूच कर. मी नुसता उभा राहतो."

बाहेर सेहेचाळीस अंश होते. डेव्हलपर आणि चित्र पक्कं करणाऱ्या हायपोच्या बाटल्या मी सकाळपासून माठाच्या पाण्यात ठेवल्या होत्या. थर्मामीटर तिच्यासमोर धरून म्हणालो, "गार पाहिजे. गरम झालं की फिल्मवरचा लेप नरम पडतो."

लाल दिव्यात ती ट्रे हळूहळू हलवत राहिली. आधी पदराची कड आली, मग दात. निगेटिव्हमध्ये दात काळे दिसतात, तरी हसणं ओळखू येतं.

"हालू नको म्हणत होती मी," दीपाली म्हणाली, "तं मले म्हणे, हा डब्बा काय फोटो काढते, याच्यात तांदूळ भरून ठेव. अन् हासत सुटली."

हायपोतून फिल्म निघाल्यावर मी दार उघडलं. दीपाली फिल्म दोन बोटांत धरून धुवायला मागच्या नळाकडे गेली आणि मी पुढच्या व्हरांड्यात बिरजूभाऊंना सांगायला आलो. आली म्हटलं, छान आली. वाळली की कागदावर छापू.

"केवढा होईल?"

"वहीएवढा."

"मंग काच लावून घेतो. भिंतीवर जागा पाहून ठेवली हाये."

बोलता बोलता मागून पाण्याचा आवाज कानावर आला. टाकी स्लॅबवर आहे. मे महिन्यात दुपारी त्या पाण्यात हात धरवत नाही.

मी धावलो.

लेप कोपऱ्यातून सुटला होता. दुधावरच्या सायीसारखा गोळा होत होता. चेहरा लांबला, दुमडला आणि मोरीच्या जाळीकडे सरकला. मी नळ बंद केला, खाली तळहात धरला. त्यात जे आलं ते बोट लागताच विरलं.

"हे असं काऊन होऊन राह्यलं, सर?" दीपालीचे हात लाल झाले होते, पण तिनं फिल्म सोडली नव्हती. "दहा मिनिटं नाई झाले अजून. चारच झाले."

डिसेंबरात मीच शिकवलं होतं. हायपो पूर्ण निघाला पाहिजे, दहा मिनिटं वाहत्या नळाखाली, मध्येच सोडायचं नाही. फळ्यावर लिहून मुलींकडून म्हणून घेतलं होतं. उन्हाळ्यात वर्ग कधी भरलाच नव्हता.

"माहं चुकलं काय?"

"नाही बेटा. मी शिकवलं तसंच केलंस तू."

तिनं ती कोरी निळसर पट्टी उजेडात धरून पाहिली, मग उलटी करून पाहिली. "दुसऱ्या बाजूनं असंन थोडं?"

तिकडे काही नव्हतं.

बिरजूभाऊ चपला काढून खोलीबाहेरच्या कोपऱ्यापर्यंत आले होते.

"झालं काय, गुरुजी? येऊ काय मी पाहाले?"

दीपालीनं माझ्याकडे पाहिलं. सांगायचं मलाच होतं, आणि ते तसेच अनवाणी, तापलेल्या फरशीवर, मी 'या' म्हणायची वाट पाहत उभे होते.