दुसऱ्याच्या हाताची निब

जुन्या पेनांची पारख करणाऱ्या त्या गृहस्थांना बाजारात सगळे भिंगवाले म्हणत. भिंग लावल्याशिवाय ते भाजीसुद्धा घेत नाहीत, अशी थट्टा चाले.

नकाशे काढणाऱ्या एका माणसाच्या विधवेकडून त्यांनी एक काळं पेन विकत घेतलं. असली पेनं उरलीत बोटांवर मोजण्याइतकी. त्यातून सोन्याची निब मूळचीच, आणि खरी किंमत तिचीच. वर्षानुवर्षं एकाच हाताखाली झिजली की निबेचं टोक त्या हाताच्या कलाने तिरकं होतं आणि दुसऱ्याने लिहायला घेतलं की ती कागद खरवडते. हिने तर कागद फाडलाच. भिंगवाले खूश! एकहाती पेन, गिऱ्हाईक डोळे मिटून पैसे मोजणार.

रोज सकाळी ते त्या पेनाने चार ओळी लिहीत. खरखर कमी होत गेली आणि एके दिवशी पेन लोण्यासारखं चाललं.

"रुळली बघ माझ्या हाताला," ते बायकोला म्हणाले.

तिने कागद पाहिला. "अक्षर कुणाचं हे? तुमचे तर कोंबडीचे पाय."

भिंगवाले हसले खरे, पण मनात पाल चुकचुकली. इतक्या थोड्या दिवसांत सोनं झिजत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी निब भिंगाखाली धरली, खरेदीच्या दिवशी काढलेल्या फोटोशी ताडून पाहिली. केसभरही फरक नव्हता. निब बदललीच नव्हती, म्हणजे हात बदलला होता. त्यांनी घाईघाईने साधं बॉलपेन उचलून सही केली. तीसुद्धा त्याच परक्या वळणाची उमटली. भिंगवाले लहान मुलासारखे घाबरले.

"घासून टाका ती निब," बायको म्हणाली. "नाहीतर इकडे द्या, हातोडीने ठेचते."

"अगं, मूळ निबेला हात लावला तर पेन मातीमोल होईल."

"आणि तुम्ही?"

पेन मोडायला जीव होईना, घरात ठेवायला धीर होईना. शेवटी पैसे गेले तर गेले, असं म्हणून ते पेन परत करायला निघाले. जेवायला येतो, असं बायकोला सांगून गेले.

विधवेने त्यांना आत बसवलं. "पैसे नकोत, पेन तेवढं ठेवून घ्या," ते म्हणाले.

"मग तसं लिहून द्या." तिने पेन्सिल पुढे केली.

त्यांनी लिहून दिलं. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरून आले. मग तिने उठून दाराला आतून कडी लावली.

"किती दिवस लावलेत यायला," ती म्हणाली. "बसा, चहा टाकते."

बाई, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, घरी माझी बायको जेवायची थांबली आहे, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण बायकोचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे येईना.

"साखर कमी घाल," ते म्हणाले.